पूर्वपक्ष कोणता, सिद्धान्त कोणता?

एके काळी शालान्त परीक्षेतील इंग्रजीच्या पत्रिकेत चार-दोन गुणांचा धनी असलेला 'उताऱ्यावरील प्रश्न' आता होतकरू मुलांच्या भवितव्याच्या दारात द्वारपाल होऊन बसला आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०११ साली नागरी सेवांच्या पूर्वपरीक्षेत जी दुसरी पत्रिका आणली, तीत उतारे वाचून उत्तरे देण्यास मोठे स्थान आहे. २०१५ पासून ही पत्रिका केवळ पात्रतेपुरती राहिली हे खरे; पण २०० पैकी ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण पडल्यावाचून पहिल्या पत्रिकेतील सारी मेहनत पाण्यात जाते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या 'क्लॅट' या प्रवेशपरीक्षेने २०२० पासून आपली पत्रिकाच उताऱ्यांवर बेतली. व्यवस्थापन संस्थांच्या 'कॅट' परीक्षेतील इंग्रजी विभागात बहुसंख्य प्रश्न उताऱ्यांचे असतात आणि त्या सगळ्या विभागास मिनिटे मिळतात ४०. परदेशी शिक्षणास वा नोकरीस निघालेल्या तरुणास 'आयेल्ट्स'च्या वाचनपरीक्षेत ६० मिनिटांत ४० प्रश्नांचा निकाल लावावा लागतो. गोमंतकातील मराठी घरांतून या साऱ्या परीक्षांना बसणारी मुले आज गावोगाव आहेत. म्हणून हा विषय केवळ इंग्रजीच्या शिक्षकांवर सोपवून मोकळे होता येईल, असे आम्हांस वाटत नाही.

या उताऱ्यांपैकी जे वर्णनपर वा माहितीपर असतात, ते आमची मुले बऱ्यापैकी सोडवितात. घोडे अडते ते वादपर उताऱ्यापाशी. ज्या उताऱ्यात लेखक काही मत मांडतो, दुसऱ्याचे मत खोडतो, मध्येच प्रतिपक्षाची एखादी गोष्ट मान्य करतो आणि अखेरीस आपल्या निर्णयावर येतो, तो उतारा वाचून झाल्यावर मुलास विचारावे तर प्रत्येक शब्दाचा अर्थ त्यास ठाऊक असतो. पण लेखकाचे म्हणणे काय, असे विचारताच तो भलत्याच वाक्यावर बोट ठेवतो. पालकांस वाटते, शब्दसंग्रह कमी पडला. मग कोशांची पारायणे होतात, अवघड शब्दांच्या याद्या पाठ होतात आणि पुढच्या खेपेस निकाल तोच लागतो. आमचे म्हणणे असे की, उणीव शब्दांची नसून सांधे ओळखण्याची आहे. विटा मोजता आल्या म्हणून घराचा आराखडा कळला असे होत नाही.

नमुन्यादाखल एक उतारा कल्पू. पहिल्या वाक्यात लेखक म्हणतो, नदीकाठी उंच बांध घातले की पुराचे नुकसान टळते असा अनेक अभियंत्यांचा समज आहे. दुसऱ्या वाक्यात तो सांगतो, लहानसहान पूर अशा बांधांमुळे अडतात, हे निःसंशय. तिसऱ्यात म्हणतो, परंतु बांधाच्या भरवशावर लोक नदीच्या पात्रालगत घरे, दुकाने, कारखाने उभारू लागतात. पूर्वी जेथे शेत होते तेथे वस्ती होते. चौथ्यात एखाद्या गावाचे उदाहरण येते. तेथे बांधावरून पाणी गेले तेव्हा पूर्वीच्या कोणत्याही पुराहून हानी अधिक झाली. पाचव्यात निष्कर्ष: तेव्हा केवळ बांधाच्या उंचीवर विसंबणारे धोरण पुरांची संख्या कमी करील, पण एकूण नुकसान कमी करीलच असे नाही. आता प्रश्न असा की, लेखकाचे मुख्य प्रतिपादन कोणते? पर्यायांत 'बांधांमुळे पुराचे नुकसान टळते' हे असते. ते उताऱ्यात आहे, पण ते दुसऱ्याचे मत आहे. 'बांध निरुपयोगी आहेत' हेही असते. ते लेखकाच्या मताजवळ जाणारे दिसते, पण त्याने तसे म्हटलेले नाही, उलट लहान पूर अडतात हे त्याने मान्य केले आहे. 'अमक्या गावात मोठी हानी झाली' हे असते. ते खरे आहे, पण ते केवळ उदाहरण आहे. 'नदीकाठच्या बांधकामास सरकारने बंदी घालावी' हे असते. ते शहाणपणाचे असेल, पण उताऱ्यात ते कोठेही नाही. चार चुकीची उत्तरे चार निरनिराळ्या वाटांनी मुलास नेतात आणि प्रत्येक वाटेच्या तोंडाशी उताऱ्यातलाच एखादा ओळखीचा शब्द पाटीसारखा लावलेला असतो.

यावरून वादपर उताऱ्याच्या वाचकाने स्वतःस विचारावयाचे प्रश्न आपोआप निघतात. हे वाक्य कोण बोलतो आहे, लेखक की त्याचा प्रतिपक्षी? हे प्रतिपादन आहे, त्याचा आधार आहे, की नुसते उदाहरण आहे? लेखक येथे काही मान्य करतो आहे काय, आणि मान्य करून पुढे कोठे वळतो आहे? शेवटी, तो किती जोराने बोलतो आहे? 'सर्व' आणि 'पुष्कळ', 'होईल' आणि 'होण्याचा संभव आहे' यांतील अंतर परीक्षक विसरत नाही, विद्यार्थी विसरतो. लोकसेवा आयोग तर उताऱ्यांच्या आरंभीच बजावतो की, उत्तरे केवळ उताऱ्याच्या आधारे द्यावीत. 'आयेल्ट्स'मध्ये 'बरोबर' व 'चूक' यांच्या जोडीस 'उताऱ्यात दिलेले नाही' असे तिसरे उत्तरच ठेवले आहे. आपणास जे ठाऊक आहे ते आणि लेखकाने जे सांगितले आहे ते, या दोहोंमध्ये रेघ ओढण्याची ही कसोटी आहे. ती रेघ ओढण्याची सवय ज्यास नाही, तो बहुश्रुत असेल तितका अधिक फसतो.

मराठीतून शिकलेल्या मुलाची यात एक खास अडचण आहे आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. आपली भाषा वादाचे सांधे दोन्ही टोकांना खुणा करून दाखविते. 'जरी' म्हटले की 'तरी' येणारच. 'जर'च्या पाठीमागे 'तर' चालत येतो. 'ज्या अर्थी' उच्चारले की कान 'त्या अर्थी'ची वाट पाहतात. इंग्रजीत 'ऑलदो' एकदाच येतो. त्याचा जोडीदार 'तरी' तेथे लिहिलेलाच नसतो. वाचकाने तो मनात भरावयाचा असतो. जो भरत नाही त्यास दोन्ही वाक्ये सारख्याच वजनाची भासतात आणि लेखकाने जे केवळ मान्य केले तेच त्याचे मत म्हणून तो उचलतो. दुसरे असे की, इंग्रजीतील काही साधे शब्द दुहेरी नोकरी करतात. 'सिन्स' म्हणजे 'पासून' असे मूल लहानपणी शिकते. वादात तो 'ज्या अर्थी' होतो. 'व्हाइल' म्हणजे 'असताना'. वादात तो 'जरी' होतो. 'येट' म्हणजे 'अजून'. वादात तो 'तरीसुद्धा' होतो. 'फॉर' म्हणजे 'साठी'. वादात तो 'कारण' होतो. हे शब्द एवढे ओळखीचे असतात की त्यांसाठी कोश उघडण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. अवघड शब्दांनी अडलेला विद्यार्थी निदान अडल्याचे जाणतो; या सोप्या शब्दांनी फसलेल्यास आपण फसलो हे निकालापर्यंत कळत नाही.

'टू बी शुअर', 'अ‍ॅडमिटेडली', 'इट इज ट्रू दॅट' या शब्दांचीही अशीच गंमत आहे. शब्दशः पाहिले तर ते खात्रीचे, सत्याचे शब्द. पण त्यांचे खरे काम म्हणजे 'एवढे आम्ही मान्य करतो' असे सांगून पुढच्या 'परंतु'ची वर्दी देणे. 'सो-कॉल्ड' हा शब्द एखाद्या कल्पनेमागे लागला की लेखकास ती कल्पना मान्य नाही असे समजावे. आपल्या 'तथाकथित'चे काम तो करतो. बांधणीचे प्रकारही फार नाहीत. एखाद्या घटनेचा रूढ उलगडा सांगावयाचा, त्यातील दोष दाखवावयाचा आणि नवा उलगडा पुढे करावयाचा, हा एक. दोन विद्वानांचे मतभेद मांडून त्यांत निवाडा करावयाचा, किंवा दोघांचेही अपुरेपण दाखवावयाचे, हा दुसरा. अडचण, तिच्यावरील उपाय आणि त्या उपायाच्या मर्यादा, हा तिसरा. आपले मत प्रथमच सांगून मग एकेक आक्षेप घेऊन त्यास उत्तर द्यावयाचे, हा चौथा. एवढे साचे नजरेत बसले की बहुतेक उताऱ्यांत आपण कोठे उभे आहोत हे मुलास दुसऱ्या परिच्छेदापर्यंत कळू लागते.

हे सारे वाचून कोणास वाटेल की, ही पाश्चात्त्यांची विद्या आहे आणि ती आपल्या मुलांस परकी वाटणारच. वस्तुस्थिती याच्या अगदी उलट आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पूर्ण जोमाने मांडून मग ते खोडण्याची रीत आपल्या शास्त्रग्रंथांत इतकी मुरलेली आहे की, तिला पूर्वपक्ष आणि सिद्धान्त अशी नावेच आहेत. मीमांसकांचे अधिकरण म्हणजे विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि निर्णय यांची शिस्तबद्ध मांडणी. 'असे म्हणाल तर' या अर्थाचे 'इति चेत्' हे दोन शब्द दिसले की भाष्य वाचणारा सावध होतो. आता जे सांगितले ते खोडले जाणार, हे त्यास ठाऊक असते. इंग्रजीतील 'इट मे बी ऑब्जेक्टेड दॅट' हे याच घराण्यातले. नैयायिकांनी प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन असे अनुमानाचे पाच अवयव सांगितले. प्रतिपादन, आधार, दाखला आणि निष्कर्ष असे जे आज शिकवणीवर्गांत सांगितले जाते, त्याहून ते रेखीव आहेत.

याहूनही जवळची गोष्ट म्हणजे ग्रंथाचे तात्पर्य कसे ठरवावे याविषयीच्या कसोट्या. उपक्रम व उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती ही ती लक्षणे. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'च्या पहिल्याच प्रकरणात ती मांडली आणि मग गीतेचे तात्पर्य काढावयास घेतले. साध्या भाषेत सांगावयाचे तर, लेखकाने आरंभ कोठे केला आणि शेवट कोठे केला ते पाहा. कोणती गोष्ट तो पुनःपुन्हा सांगतो ते पाहा. इतरांहून नवे असे तो काय सांगतो ते पाहा. त्याच्या सांगण्यातून कोणता परिणाम त्यास अभिप्रेत आहे ते पाहा. स्तुती, निंदा व दृष्टान्त यांचा पसारा बाजूस काढा. आणि युक्तिवादाची सांगड कशी घातली आहे ते तपासा. आयोगाच्या पत्रिकेत 'उताऱ्याचे सार कोणते' म्हणून जे विचारले जाते, त्यावर याहून चांगली वाट आम्हांस तरी ठाऊक नाही. अर्थवादास विधी समजण्याची जी चूक मीमांसक वारंवार दाखवितात, तीच चूक उदाहरणास प्रतिपादन समजणारा आमचा विद्यार्थी करतो.

आता एक प्रत्यक्ष इंग्रजी लेख घेऊ. मेकॉले याचे २ फेब्रुवारी १८३५ चे शिक्षणविषयक टिपण हिंदुस्थानच्या इतिहासात कुप्रसिद्ध आहे आणि त्यातील निष्कर्ष आम्हांस बिलकूल मान्य नाहीत. पण वादाची बांधणी ओळखण्यास त्यासारखा पाठ नाही. प्रथम तो १८१३ च्या कायद्यातील शब्दांचा अर्थ लावतो आणि सरकारचे हात बांधलेले नाहीत असे ठरवितो. मग आपणास संस्कृत वा अरबी येत नाही अशी कबुली देतो. ही कबुली म्हणजे माघार नव्हे. लगेच पुढे तो भाषांतरांचा आणि प्राच्यविद्या जाणणाऱ्यांशी झालेल्या संभाषणांचा हवाला देऊन त्या वाङ्मयास तुच्छ लेखतो. युरोपने ग्रीक व लॅटिन विद्येच्या बळावर केलेली प्रगती आणि रशियाने परभाषांच्या साह्याने केलेली प्रगती हे त्याचे दाखले. त्यानंतर आक्षेपांची रांग लागते. लोकांचे सहकार्य जुन्या विद्येसच मिळेल, असा पहिला आक्षेप. त्यास उत्तर असे की, संस्कृत व अरबी शिकणाऱ्यांस सरकार पैसे देते, तर इंग्रजी शिकणारे पदरचे पैसे देण्यास तयार आहेत. कायदा व धर्मग्रंथ त्या भाषांत आहेत, हा दुसरा. त्यास उत्तर असे की, नवी कायदेसंहिता होऊ घातली आहे. येथील लोकांस इंग्रजी नीट येणार नाही, हा तिसरा. तोही तो खोडतो. अखेरीस साऱ्या जनतेस शिकविण्याइतकी साधने नाहीत असे मान्य करून, राज्यकर्ते व प्रजा यांमधील एका वर्गापुरती आपली योजना तो आखून घेतो.

हा आराखडा एकदा नजरेत आला की दोन गोष्टी साधतात. पहिली, इंग्रजी शिकावयास लोक तयार आहेत हे त्याचे मूळ प्रतिपादन नसून एका आक्षेपास दिलेले उत्तर आहे, असे भेद कळतात. परीक्षेत विचारतात ते नेमके हेच, की अमुक परिच्छेदाचे काम काय. दुसरी गोष्ट अधिक मोलाची. इमारतीचा कोणता खांब पोकळ आहे तेही दिसू लागते. ज्या भाषा आपणास येत नाहीत त्यांतील वाङ्मयाचा निकाल हा गृहस्थ ऐकीव साक्षीवर देतो, हे त्याच्याच कबुलीवरून सिद्ध होते. मेकॉलेस शिव्या देणारे पुष्कळ आहेत. त्याच्या युक्तिवादाचा सांधा कोठे निखळतो ते दाखवू शकणारे किती?

याची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. भारतभर फिरलो, पण कोठे भिकारी वा चोर दिसला नाही, तेव्हा या देशाची संस्कृती मोडल्यावाचून तो जिंकता येणार नाही, अशा आशयाचा एक मजकूर मेकॉलेच्या नावावर वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्याच २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश पार्लमेंटात त्याने तसे भाषण केले, असे त्याखाली छापलेले असते. त्या दिवशी मेकॉले गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलचा सदस्य म्हणून हिंदुस्थानात होता. इंग्रजी विद्येवाचून येथील लोकांस तरणोपाय नाही असे हिरिरीने मांडणारा माणूस त्याच दिवशी येथील संस्कृतीचे असे गुणगान कसे करील, हा प्रश्न मूळ टिपणाचा आराखडा ज्यास ठाऊक आहे त्याच्या मनात क्षणात उभा राहतो. ज्यास ठाऊक नाही, तो तो मजकूर चार जणांस पुढे पाठवितो. उतारा वाचता येणे ही गोष्ट परीक्षेपुरती नाही, असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

येथे कोणी म्हणेल की, हा सारा व्याप कशाला? शिकवणीवर्गांत याहून सोपे तोडगे मिळतात. पहिले व शेवटचे वाक्य वाचा. 'हाउएव्हर'च्या पुढचे वाक्य ते उत्तर समजा. 'ऑलवेज' आणि 'ओन्ली' असलेला पर्याय डोळे मिटून खोडा. या तोडग्यांत तथ्य अजिबात नाही असे नाही. पण पहिले वाक्य पुष्कळदा पूर्वपक्षाचे असते. बांधाच्या उताऱ्यात ते तसेच होते. 'हाउएव्हर' कधी प्रतिपक्ष्याच्याच तोंडी असतो. लेखकाने स्वतः 'केवळ' म्हटले असेल तर 'ओन्ली' असलेला पर्यायच बरोबर ठरतो. जो आराखडा ओळखतो त्यास तोडग्याची गरज नाही आणि जो ओळखत नाही त्यास तोडगा केव्हा दगा देईल ते सांगता येत नाही. चुकीच्या उत्तरास एक-तृतीयांश गुण वजा होण्याच्या परीक्षेत असा जुगार परवडणारा नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. इंग्रजीची अशी कसोटी लावणे हाच देशी भाषांतून शिकलेल्यांवर अन्याय आहे, असे पुष्कळांचे म्हणणे आहे. २०१४ साली या प्रश्नावर दिल्लीत मोठे आंदोलन झाले आणि त्या वर्षी पूर्वपरीक्षेतील इंग्रजी आकलनाचे गुण धरण्यात येऊ नयेत, असे सरकारला ठरवावे लागले. नागरी सेवांची मुख्य परीक्षा मराठीत वा कोंकणीत लिहिता येते. परंतु पूर्वपरीक्षेची पत्रिका इंग्रजी आणि हिंदी या दोनच भाषांत निघते, ही विषमता आजही आहे. ती दूर झाली पाहिजे आणि त्यासाठी मराठी समाजाने आवाज उठविला पाहिजे, याबद्दल आमचे दुमत नाही. तथापि उद्या तीच पत्रिका शुद्ध मराठीत छापून दिली, तरी पूर्वपक्षास सिद्धान्त समजणाऱ्या मुलाचे उत्तर चुकणारच. भाषेचा अन्याय दूर करणे हे सरकारचे काम. वाचनाची उणीव दूर करणे हे आपले.

ती दूर करण्याचा प्रारंभ इंग्रजीच्या तासास न होता मराठीच्या तासास व्हावा, अशी आमची सूचना आहे. गोमंतकात मराठी प्राथमिक शाळांतून पुढे इंग्रजीकडे वळणाऱ्या मुलांची संख्या आज पूर्वीइतकी राहिलेली नाही. पण जी आहेत, त्यांना परक्या भाषेच्या ओझ्याखाली परकी रीत शिकविण्याऐवजी आपल्या भाषेत वादाचे अवयव ओळखावयास शिकविले, तर इंग्रजीत त्यांना केवळ खुणांचे शब्द तेवढे नवे शिकावे लागतील. गोवा शालान्त व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाने नववी-दहावीच्या मराठीच्या पत्रिकेत निबंध आणि रसग्रहण यांच्या जोडीस एक वादपर उतारा ठेवावा आणि त्यावर 'सारांश लिहा' एवढेच न विचारता, लेखकाने कोणते मत खोडले, काय मान्य केले, कोणत्या आधारावर काय ठरविले, असे विचारावे. शिक्षकांनी आठवड्यातून एक तास कोणत्याही वृत्तपत्राचा अग्रलेख वर्गात न्यावा आणि प्रत्येक वाक्याच्या समासात 'प्रतिपक्ष', 'मान्य', 'आधार', 'दाखला', 'निर्णय' यांपैकी एक शब्द मुलांकडून लिहून घ्यावा. यास पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. आमच्या अग्रलेखावर हा प्रयोग झाला आणि त्यात एखादा पोकळ खांब मुलांस सापडला, तर आम्हांस राग येणार नाही; मुले वाचू लागली, याचा आनंदच होईल.

पालकांसही दोन शब्द सांगणे भाग आहे. मुलाने उताऱ्याचे उत्तर चुकविले तर कोणता शब्द आला नाही, असे त्यास विचारू नका. हे वाक्य कोणाचे, लेखकाचे की दुसऱ्याचे, एवढेच विचारा. घरातल्या साध्या वादातही हा प्रश्न उपयोगी पडतो. दुसऱ्याचे म्हणणे त्याच्या शब्दांत नीट सांगता आल्यावाचून त्यास उत्तर द्यावयाचे नाही, ही आपल्या पूर्वसूरींची शिस्त होती. निवडणुकीच्या सभांत, वृत्तपत्रांच्या रकान्यांत आणि हातोहात फिरणाऱ्या मजकुरांत आज तीच नाहीशी होत चालली आहे. परीक्षेच्या निमित्ताने का होईना ती आपल्या मुलांच्या अंगी बाणली, तर मिळालेले गुण हा तिचा सर्वांत लहान लाभ ठरेल.